मदत हवी आहे : पेरिओटेस्टच्या आकड्यातील बदल उपचाराचा की मोजणीचा?

हिरड्यांच्या जुनाट आजारात खोल सफाईनंतर दात कितपत घट्ट होतात, याची नोंद मी पेरिओटेस्ट या उपकरणाने ठेवत असून, त्याबाबत अनुभवी दंतवैद्यांचे मार्गदर्शन हवे आहे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे शुल्टे आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले हे उपकरण 4 सेकंदांत दातावर 16 हलके ठोके देते आणि दांडा प्रत्येक वेळी दाताला किती काळ टेकून राहतो हे मोजते. मुळाभोवतीचे लिगामेंट (दाताला हाडाशी जोडणारे तंतू) सैल असेल तर हा काळ वाढतो आणि −8 ते +50 या पट्टीवरचा आकडाही वर सरकतो. आरशाच्या दांड्यांनी दात हलवून पाहण्यापेक्षा ही पद्धत मला निश्चितच अधिक भरवशाची वाटते.

अडचण खालच्या पुढच्या दातांची आहे. ठोका दाताच्या उभ्या मध्यावर आणि काटकोनात द्यावा, हे मान्य. पण हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले असेल, तर मध्य कोठून धरावा? दाताच्या चावण्याच्या कडेजवळ ठोका दिला की आकडा वाढतो, मानेकडे (हिरडीलगतच्या भागाकडे) सरकले की उतरतो, आणि मग +18 वरून +14 वर आलेला दात खरोखर सुधारला की माझा हात सरकला, हे सांगता येत नाही.

ठोक्याची जागा कायम राहावी म्हणून आपण अ‍ॅक्रिलिकचा साचा वापरता की दातावर खूण करता? तसेच, किती अंकांचा फरक आपण खरा मानता? पॉकेटची (दात आणि हिरडी यांमधील फटीची) खोली आणि क्ष-किरण चित्रे माझ्याकडे आहेत. हवी असल्यास रुग्णाची ओळख वगळून येथे देईन.