मदत हवी आहे: सोसायटीतल्या पामची फळं पोरांनी खाल्ली तर?

नागपूरला मनीषनगरात राहतो. बिल्डरने आमच्या सोसायटीत गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत नुसते पाम लावून ठेवलेत. आंबा नाही, पेरू नाही, आणि मे महिन्यात गाडी उभी करायला सावली तर नाहीच नाही. आता त्यांना फळं लागलीत आणि भानगड सुरू झालीय.

परवा आमच्या चिरंजीवांनी (वय ९) खाली पडलेलं एक लाल फळ चावलं. गिळलं नाही, लगेच थुंकलं. तरी पोट्टं रडतच तीन मजले चढून वर आलं. म्हणे, "आई, तोंडात सुया टोचतायत." चुळा भरायला लावल्या, थंड दूध दिलं, तासाभरात शांत झाला. मी मात्र बघायला म्हणून ते फळ नखाने सोललं, तर माझ्या बोटांची खाज रात्रीपर्यंत गेली नाही.

झाड उंच, एकच बुंधा. पानं टोकाला फाटल्यासारखी, माशाच्या शेपटीसारखी. फळांचे घोस मुंडावळ्यांसारखे लोंबतात, फळ बोराएवढं. शेजारी अरेकाची रांग आहे, त्यालाही पिवळी फळं धरलीत. सासूबाई म्हणतात, भंडाऱ्याला त्या शिंदीची फळं ओटा भरून खायच्या, काही झालं नाही. चौकीदाराचं वेगळंच: "पाखरं खाते ना मॅडम, त्यायले काई होत नाई, मंग पोट्ट्यायले काहून होईन?"

नेमकं कोणतं चालतं, कोणतं नाही? फोटो जोडलाय.

रानमेवा: हा फिशटेल पाम, आपल्याकडचा भेरली माड. कोकणात सुरमाडही म्हणतात. फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्च्या अळूने घसा खवखवतो तो यांच्यामुळेच, म्हणून तर आपण अळूत चिंच घालतो. म्हणजे पोराने सुया टोचतात म्हटलं ते अगदी खरं होतं! चुळा आणि थंड दूध, बरोबर केलंत. डोळ्यांना हात लावू देऊ नका. जीभ किंवा घसा सुजला, गिळताना-श्वास घेताना त्रास झाला तर थेट दवाखाना. गंमत म्हणजे याच झाडाची माडी काढतात, श्रीलंकेत गूळही करतात. आणि चौकीदारांना सांगा, उदमांजर ही फळं मजेत खातं, पण आपली जीभ उदमांजराची नाही.

सासूबाईंचंही चुकलं नाही. शिंदी खजुराच्या कुळातली, पिकलेली फळं खातात. तुरट लागतात एवढंच. अरेका मूळ मादागास्करचा, नाव सुपारीचं पण सुपारी नव्हे. विषारी नाही, खाण्यासारखंही त्यात काही नाही.

कुंडीवाली: तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत मागे गेटच्या दोन्ही बाजूंना कुंड्यांत बुटकं, कडक पानांचं झाड दिसतंय. माथ्यावर तपकिरी मखमली घरटं आणि त्यात नारिंगी बिया आहेत का?

धागाकर्ती: हो! बदामाएवढ्या, चकचकीत. माळी त्याला सागो पाम म्हणतो.

कुंडीवाली: मग आधी त्याचं बघा. तो पाम नाहीच, सायकस आहे. त्यात सायकॅसिन नावाचं विष असतं, बियांत सगळ्यात जास्त. भेरली माड तोंडात घेताक्षणी झोंबतो, म्हणून मूल थुंकतं. सायकस तसा इशारा देत नाही. उलट्या काही तासांनी सुरू होतात आणि पुढे यकृतावर जातं. कुत्रीही दगावतात. कोणी बी गिळली तर लक्षणांची वाट न पाहता, घरी उलटी न काढता, बी सोबत घेऊन हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काल सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, सरसकट तोडून टाका. मी म्हटलं, झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याने महापालिकेची परवानगी लागते.

रानमेवा: तोडायची गरजही नाही. भेरली माड वरून खाली फुलत येतो आणि शेवटचा घोस झाला की आपोआप मरतो. त्याला काही वर्षं लागतात. तोवर घोस हिरवे असतानाच हातमोजे घालून उतरवा.

धागाकर्ती: तेच ठरलं. सायकसच्या कुंड्या गच्चीवर नेल्या, गच्चीला कुलूप लावलं. बिया मी स्वतः चिमट्याने वेचल्या. दोन कमी वाटल्या म्हणून घर पालथं घातलं, तर चिरंजीवांच्या कंपासपेटीत निघाल्या. "छान दिसतात ना," म्हणे.