गरोदरपणात मिश्री, बिडी आणि बाळाचे दात

प्रश्न: वहिनीला चौथा महिना लागलाय, मिश्री काही सुटत नाहीये आणि दादा घरातच बिडी ओढतो, बाळाच्या दातांवर परिणाम होतो का? आई म्हणते दात तर नंतर येतात.

सायली: अगं दिसतात नंतर, पण बनायला सहाव्या-सातव्या आठवड्यातच सुरुवात होते आणि चौथ्या महिन्यापासून त्यात कॅल्शियम भरायला लागतं. सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये एखादा कायमचा दात न येणं, कीड लागणं जास्त दिसलंय, दुभंगलेल्या ओठाचा धोकाही वाढतो.

विनय: मिश्री पण तंबाखूच ना, निकोटिन रक्तात जातंच, बाळ कमी वजनाचं होऊ शकतं आणि अशा मुलांचं इनॅमल (दातावरचं कडक आवरण) बऱ्याचदा कच्चं राहतं. दादाची बिडी पण बंद करा प्लीज, धूर वहिनीलाच लागतो.

सायली: 1800-11-2356 वर फोन करा, तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, दोघांनीही बोला.