पहिली-दुसरीत दुसरी भाषा : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

मंडळी, पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला आणि २९ जूनला तो रद्द करत असल्याचं सरकारनं जाहीर केलं. मधल्या काळात सक्ती हवी की नको यावर सगळे तावातावानं बोलले. सहा वर्षांच्या पोरासमोर नवी भाषा घेऊन रोज उभं राहणाऱ्यांना मात्र फारसं कुणी विचारलं नाही. त्यांनी इथे लिहावं. भाषा कुठलीही चालेल. आपल्याकडे कित्येक पोरांना मराठीच दुसरी असते, तेही येऊ द्या.

जिल्हा परिषद शिक्षिका, जत तालुका

माझी पोरं त्यातलीच. आमची वस्ती कर्नाटकच्या हद्दीला लागून. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत, पण बरेच पालक मुद्दाम मराठीत घालतात. घरचा सगळा कारभार कन्नड, त्यामुळे जूनमध्ये लेकरू नुसतं तोंडाकडे बघत बसतं.

मी आधी कामापुरतं कन्नड शिकून घेतलं. बा, कुंद्रु, नीरु बेकेनु? म्हणजे ये, बस, पाणी हवं का? एवढ्यानंही रडणं थांबतं. मग चिंचोक्यांचा ढीग. ते 'ओंदु, एरडु, मूरु' मोजतात, तेच चिंचोके मी 'एक, दोन, तीन' मोजते. मोजणं त्यांना येतच असतं, नावं तेवढी नवी. थोड्या दिवसांत पोरंच अदलाबदल करायला लागतात.

ख, घ, भ जड जातात, भाकरीची 'बाकरी' होते. त्यासाठी वहीच्या कागदाची पट्टी ओठांसमोर धरायला लावते. 'ब' म्हटलं की पट्टी जेमतेम हलते, 'भ' म्हटलं की चांगली फडफडते. पोरं दिवसभर तोच खेळ करतात. लिंगाचं मात्र पुढे बराच काळ चालतं. कन्नडमध्ये दगड, खुर्ची, घर सगळं नपुंसकच; तो दगड, ती खुर्ची हे त्यांना कुठून कळावं? त्यावर मी लाल रेघ मारत नाही.

एकीनं गोष्ट सांगितली, 'नाई बंतु (कुत्रं आलं) आणि बाकरी पळवली.' तिला मधे तोडलं नाही. संपल्यावर तीच गोष्ट सगळ्या वर्गानं मिळून मराठीत सांगितली. घरची भाषा वर्गात बोलू नको असं म्हटलं की पोर दोन्ही भाषांत गप्प होतं, हे मी शपथेवर सांगेन.

पालक, खानापूर तालुका

आमची गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची, घरं देशभर पसरलेली. पुतण्या तमिळनाडूतून दुसरीत गावी आला. घरी आपली मराठी, खेळताना तमिळ, बोलायला पटाईत, पण देवनागरीचं एक अक्षर ओळखीचं नाही. इथल्या सरांनी वाचनाच्या तासाला पहिलीत बसवलं, बाकी दिवसभर दुसरीतच. दिवाळीपर्यंत वाचायला लागला.

निवृत्त गुरुजी, पाटण तालुका

२००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मी डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत होतो. त्याआधी इंग्रजी पाचवीपासून. मी पहिली सहामाही पुस्तक उघडलंच नाही. स्टँड अप, सिट डाऊन, ओपन द डोअर. पोरांबरोबर मीही उठायचो-बसायचो. अधिकारी आले की विचारायचे, वह्या कोऱ्या का? पोरं सांगितलेलं करून दाखवायची.

अक्षरांची घाई मला आजही पटत नाही. मराठीत क म्हणजे क. इंग्रजीत सी कॅटमध्ये क आणि सिटीत स. मराठी वाचन सुरळीत होण्याआधी दोन्ही लिप्या गिरवायला लावल्या की कच्चं पोर दोन्हीकडे अडखळतं. हिंदीची लिपी तर तीच. मराठी नीट वाचणारं पोर पाचवीत हिंदी पटकन वाचू लागतं. मग पहिलीत कशाला?

आई, कराड

गुरुजी, पटतंय. पण आमच्या शाळेत सेमी आहे, गणित इंग्रजीतूनच येतं. मुलाची बेरीज-वजाबाकी पक्की, शाब्दिक उदाहरण आलं की अडतो. 'हाऊ मेनी आर लेफ्ट' म्हणजे वजा करायचं, हे आकड्यांवरून कळत नाही ना! आता उदाहरण आधी मराठीत सांगते, तो वांगी नाहीतर आंबे काढतो, गेलेल्यांवर काट मारतो, आणि मग इंग्रजी वाक्य वाचतो. जमतंय, पण वेळ फार जातो. जतच्या बाई, गुरुजी, वर्गात तुम्ही हे कसं घेतलं असतं? सविस्तर लिहाल का?