अडई मारण्यासाठी शिकारीचा परवाना मिळतो का?

खाजणकाठ (रायगड):
आमच्या खारजमिनीत रहू पद्धतीने, म्हणजे रोपे न लावता थेट शेतात, टाकलेले मोड आलेले भात अडई या रानबदकाचे थवे रात्रीतून फस्त करतात. वडिलांकडे शेतसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना आहे. अमेरिकेतील मावसभाऊ तेथे दर हंगामात परवाना काढून रीतसर बदके मारतात. आपल्याकडे वनखाते तसा परवाना देते का, आणि देत नसल्यास वडिलांचा परवाना पुरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वकील, अलिबाग:
दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. वडिलांचा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे. ते कोणत्या प्राण्यावर चालवता येईल, हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ठरवतो. या कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, परंतु १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. शिवाय शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फासे लावणे, विष घालणे, तसा नुसता प्रयत्न करणे आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हेही त्या व्याख्येत येते. अडईसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि गुन्ह्यात वापरलेली बंदूक जप्त होते ती वेगळीच.

दापोलीकर:
वकीलसाहेबांनी कलम ११ चा उल्लेख करायला हवा होता. वन्यप्राणी जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला आहे अशी खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो.

वकील, अलिबाग:
कलम आहे, हे मान्य. मात्र तो शिकारीचा परवाना नव्हे. लेखी आदेश हाती येईपर्यंत बंदूक खुंटीवरच राहू द्यावी, आणि आदेशानुसार मारलेला पक्षीही सरकारी मालमत्ता ठरतो, म्हणजे रश्श्याचा विचार मनातून काढावा. मावसभावांची गोष्ट निराळी आहे. तेथे सोळा वर्षे आणि त्यावरील शिकाऱ्याला राज्याच्या परवान्याबरोबर केंद्र सरकारचा बदक-स्टॅम्प घ्यावा लागतो. १९३४ पासून चालत आलेल्या या स्टॅम्पच्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. बदकांवर शिशाचे छरे वापरण्यासही तेथे देशभर बंदी आहे.

दापोलीकर:
अडई मुख्यतः रात्री चरते, त्यामुळे दिवसाचे बुजगावणे तिच्यापुढे निरुपयोगी ठरते. बी रुजेपर्यंत रात्रीची राखण करावी, शक्य असल्यास रहूऐवजी घराजवळ रोपे तयार करून लावणी करावी, आणि नुकसान झालेच तर पंचनाम्यासाठी वनक्षेत्रपालांकडे लगेच लेखी कळवावे. कलम ११ खालील अर्जालाही तोच कागद उपयोगी पडेल.