मदत हवी आहे: पिकअपचा हौदा खरंच फार उंच आहे, की आम्हीच बुटक्या गाडीला सोकावलोय?

कळ्याकडचा

नमस्कार मंडळी. गाव कळ्याच्या पुढं, कोल्हापूर-गगनबावडा रस्त्याला. बारा-तेरा वर्षं छोटा हत्ती वापरला. त्याची बारा इंची चाकं, त्यामुळं हौद्याचा तळ मांडीला लागायचा. आबा (वय ६८) एकटेच दुधाचा कॅन गुडघ्याचा टेकू देऊन आत सरकवायचे. दोन महिन्यांमागं सेकंडहँड डबल कॅब पिकअप घेतला, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडीत खोट नाही, आणि नाव लिहिलं की इथं मूळ प्रश्न बाजूला राहून भलतीच भांडणं लागतात.

उंच गाडी का, हे इकडच्यांना सांगायला नको. २०१९ ला आणि परत २०२१ ला पुरानं रस्ता बंद पडला, ते दिवस आठवा. पाण्यात गाडी घालायची मला हौस नाही. पण पाणी उतरल्यावर जो राडा राहतो त्यात, आणि आमच्या वस्तीच्या वाटेवर तर पावसाळाभर, जुनी गाडी पोटावर बसायची. नवी कुठं अडत नाही.

अडतोय तो माल चढवताना. फाळका (हौद्याचं मागचं झडपेसारखं दार) पाडून टेप लावला तर जमिनीपासून तळ साडेचौतीस इंच. बाजूच्या पत्र्याची वरची कड ५३ इंच. माझी उंची ५ फूट ५. बाजूनं हात घातला तर तळाला बोट टेकत नाही, पुढच्या कोपऱ्यातली दोरी काढायची तरी आत चढावं लागतं. आमचं आणि भावकीचं मिळून सकाळी ४० लिटरचे तीन कॅन रतिबाला कोल्हापुरात जातात. भरलेला कॅन पन्नास किलोच्या घरात. हंगामात मार्केट यार्डात गुळाचे ३० किलोचे रवे न्यायचे ते वेगळंच. आबांची कंबर धरलीय आणि रोज सकाळी एकच वाक्य ऐकतोय, "गाडी आणलीस का माडी?"

तर या वर्गातल्या सगळ्याच गाड्या एवढ्या उंच असतात का? गावातला मिस्त्री म्हणतोय, मागच्या पाट्यातलं (ओझं पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधलं) एक पान, म्हणजे एक पट्टी, काढू, दोन इंच खाली बसेल. काढावं का? की टायर लहान घालू? सध्याचे २६५/६० आर १८ आहेत. फळी लावून झाली. पावसात दूध सांडलं की तिच्यावर पाय ठरत नाही.

रांगडा गडी

भावा, उंट घेतलास आणि म्हणतोस पाठ उंच आहे!

पाटे आणि पाने

वरच्या भावाचं हसण्यावारी न्या, पण बोलला ते खरं आहे. मी उद्यमनगरात पाट्यांचं काम करतो, म्हणून आधी एवढंच सांगतो की पान काढू नका.

गाडी उंच का, ते बघा. खाली शिडीसारखी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि तिच्याखाली मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा. खड्ड्यात चाक वर उसळलं की अ‍ॅक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून दोन्हींत मोकळी जागा ठेवावीच लागते. त्यात फोर बाय फोर म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखाली दगडाला जागा हवी. एवढं सगळं झाल्यावर वर हौद्याचा पत्रा येतो. शिवाय पाटे ओझ्यासाठी बांधलेले असतात, म्हणून रिकामी गाडी ढुंगण वर करूनच उभी राहते. तुम्ही टेप लावला तो रिकाम्या गाडीला. चार क्विंटल टाकून परत मोजा, फरक दिसेल.

पान काढलं की त्याचं ओझं उरलेल्या पानांवर येतं. भरल्या गाडीची शेपूट बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग तरंगतं. घाटात दुधाचे कॅन मागं असताना हे नको. कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ लाही धरून नाही. उद्या काही झालं तर विमावाला पहिल्यांदा त्यावरच बोट ठेवेल.

टायरचं गणित तर अजूनच तोट्याचं. तुमच्या टायरचा व्यास भरतो ७७५ मिलिमीटर. समजा २२५/७० आर १७ घातले, तर ७४७. फरक २८, पण चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत त्याचा अर्धाच मिळतो. म्हणजे १४ मिलिमीटर! त्यासाठी चार टायर, चार रिमा, आणि स्पीडोमीटर कायमचा खोटा.

पन्हाळ्याची रोपवाटिका

आमच्याकडं कुंड्या आणि मातीची पोती असतात, आणि गाडी अशीच उंच आहे. आम्ही गाडी खाली केली नाही, जमीन केली. मागची चाकं उतरतील एवढा आठ-नऊ इंचांचा खळगा, पुढून सावकाश उतार, तळाला जांभ्याचे चिरे. चाकं त्यात गेली की तळ सव्वीस इंचांवर येतो. दोन गोष्टी सांभाळा. पाण्याला वाट काढून द्या, नाहीतर जूनमध्ये डबकं होतं. आणि पहिल्यांदा गाडी आत घेताना कोणीतरी खाली वाकून बघू दे. मागचा बंपर आणि खाली टांगलेली स्टेपनी टेकता कामा नये. आमची पहिल्यांदा टेकली होती.

तुमचा गोठा उंचवट्यावर असेल तर मात्र खळगाही नको. ओट्याला गाडी लावली की झालं.

कळ्याकडचा

ताई, तुम्ही ओटा म्हणालात आणि मी कपाळावर हात मारून घेतला. गोठ्याच्या खालच्या अंगाला दगडी ताल आहे. वर गोठ्याचं अंगण, खाली गाडी लावायची जागा. आम्ही इतकी वर्षं कॅन पायऱ्यांवरून खाली आणत होतो आणि परत गाडीत उचलत होतो, कारण छोटा हत्ती तालापेक्षा ठेंगणा पडायचा.

आज मोजलं. ताल ३१ इंच. पाटेवाल्या दादांनी सांगितल्यासारखी गाडीत चार क्विंटल पेंड टाकली तर तळ ३३ वर आला. कॅन चढवताना गाडी रिकामी असणार, म्हणजे साडेतीन इंच उरतात. तेवढा खळगा चाकांखाली घेतो, चिरे घरचेच आहेत. यार्डात रवे उतरवायला हमाल आहेत, आणि रतिबाचं दूध हौद्यातच मापून देतो, त्यामुळं तिकडं भरला कॅन उतरवायचा प्रश्न नाही.

आबांना दाखवलं. काही बोलले नाहीत, कुदळ कुठाय विचारलं.

आता एकच. कॅन तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत नेला तर आधी फाळक्यावरून जाणार. फाळका दोन स्टीलच्या दोऱ्यांवर लटकतोय. झेपेल का?

पाटे आणि पाने

फाळक्याला किती भार चालतो ते गाडीच्या पुस्तकात बघा. एका वेळी एकच कॅन न्या, आणि फाळक्यावर माणूस उभा करू नका, कॅन आणि माणूस मिळून सव्वाशे किलो होतात. तालापासून हौद्याच्या तळापर्यंत जाड फळी टाका, मधला फाळका तिच्याखाली मोकळा राहील. फळीवर जुन्या टायरचं रबर खिळ्यांनी ठोका, म्हणजे दूध सांडलं तरी पाय ठरेल. आणि त्या मिस्त्रीला पानाबद्दल नाही म्हणून सांगितलंत का?