डांग्या खोकला: चाळीत एकाला निघाला, आता बाकीच्यांचं काय?

सातपूरकर: आमच्या चाळीत सात वर्षांच्या मुलाला अठरा दिवस खोकला आहे. ताप नाही, पण रात्री उबळ आली की चेहरा लालबुंद होतो आणि शेवटी उलटी. डॉक्टरांना डांग्या खोकल्याची शंका आहे. लहानपणी लशी झाल्यात, तरी कसा झाला? शेजारच्या खोलीत सव्वा महिन्याचं बाळ आहे.

लॅबवाला_पंचवटी: लशीचा जोर काही वर्षांत ओसरतो. कार्ड काढून बघा, पाचव्या-सहाव्या वर्षाचा बूस्टर बरेचदा राहून जातो. पीसीआर (नाकातल्या नमुन्यात जंतू शोधणारी तपासणी) करायची तर उशीर नको, खोकला सुरू झाल्यापासून तीन आठवड्यांनी रिपोर्टचा भरवसा उरत नाही. काडी नाकातून पार मागपर्यंत जायला हवी, आणि तीही अँटिबायोटिकच्या आधी.

बालरोग_नाशिकरोड: पहिला आठवडा-दीड आठवडा ही नुसती सर्दी वाटते, आणि सगळ्यात जास्त फैलाव तेव्हाच होतो. म्हणजे चाळीत तो आधीच फिरला असेल असं धरून चाला. मुलाचा ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स पुरा होईपर्यंत शाळा बंद. औषध नसेल तर खोकल्याच्या सुरुवातीपासून तीन आठवडे. इथेच घोळ होतो: दोन दिवसांत खोकला कमी झाला नाही म्हणून आईबाप गोळ्या सोडतात. एवढ्या उशिरा औषधाने जंतू मरतात, पण श्वासनलिकेच्या अस्तराला झालेली इजा भरायला वेळ लागतो. खोकला महिना-दोन महिने राहणारच. कफ सिरपवर पैसे घालवू नका.

बाळाची खरी काळजी करा. एवढ्या लहानग्याला उबळीनंतर श्वास ओढताना येणारा ‘हूप’ आवाज येईलच असं नाही. थेट श्वास थांबतो, ओठ निळे पडतात, दूध ओढत नाही. यातलं काहीही दिसलं तर घरी वाट बघू नका, रात्र असली तरी सिव्हिल गाठा. मुलाशी जवळचा संपर्क आला असेल तर बाळासकट त्या घरातल्या सगळ्यांना प्रतिबंधक औषध लागतं, तेही मुलाचा खोकला सुरू झाल्यापासून 21 दिवसांच्या आत. म्हणजे तुमच्याकडे तीनच दिवस आहेत, आजच डॉक्टरांना विचारा. डोस वजनावर ठरतो, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा देऊ नका. बाळाला मध-काढाही नको.

सिस्टर_सिडको: बाळाचा पेंटाव्हॅलंटचा (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची लस) पहिला डोस सहा आठवडे भरले की लगेच घ्या. चाळीत कुणी गरोदर असेल तर 27 ते 36 आठवड्यांत टीडॅप ही लस घ्यायची, तिच्यात डांग्या खोकल्याचाही भाग असतो. सरकारी केंद्रात मिळते ती टीडी, तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो. आशाताईंना आजच कळवा, म्हणजे घरोघरी पाहणी होईल. द्राक्षांच्या हंगामात बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांच्या लशींचंही विचारा. डोस अर्धवट असतील तर राहिलेल्यापासून पुढे द्यायचे, पहिल्यापासून नाही. वर्ष उलटलेल्या, एकही डोस न झालेल्या मुलाला सात वर्षांपर्यंत डीपीटी (डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वाताची लस) देता येते.