बुडापेस्ट : शनिवार-रविवारात पूल आणि किल्ला कसा बसवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
सोबत आई-बाबा आहेत, आईला चढ झेपत नाही. डॅन्यूबवरचे पूल, पार्लमेंट आणि बुडाचा (शहराच्या पश्चिम काठावरच्या भागाचा) किल्ला बघायचा आहे. क्रम कसा लावू? बस-ट्रामचा पास घ्यावा की सुटी तिकिटं?

रानवाट : आधी पार्लमेंटचं तिकीट ऑनलाइन काढा, बाकी सगळं त्या वेळेभोवती बसवा. ऐन वेळी खिडकीवर मिळेल या भरवशावर राहू नका. पास घ्याच. साधं तिकीट ट्राम बदलली की संपतं, शिवाय चढल्यावर यंत्रात छापून घ्यावं लागतं. कोरं सापडलं तर दंड, पाहुणे म्हणून सूट नाही. विमानतळाच्या १००ई बसला मात्र वेगळं तिकीट लागतं. पासात यायचं तर २००ई बस आणि पुढे एम३ मेट्रो.

चहाबाज : किल्ल्यावर चढू नका. डेआक चौकातून १६ नंबरची बस चेन ब्रिजवरून थेट वर जाते. फ्युनिक्युलर (चढावर दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे) गोड आहे, पण रांग मोठी आणि पासात नाही. फिशरमन्स बॅस्टियनला (किल्ल्याच्या टेकडीवरचा बुरुजांचा सज्जा) सकाळी लवकर जा. खालच्या गच्च्या फुकट आहेत आणि पार्लमेंट तिथूनही तेवढंच दिसतं. (मध्ययुगीन तटबंदी समजू नका, बांधकाम १९०२ साली पुरं झालंय.)

पुलांसाठी २ नंबरची ट्राम. यासाई मारी चौकात, म्हणजे मार्गारेट पुलापाशी बसा आणि उजवीकडची खिडकी धरा. चेन ब्रिज, एलिझाबेथ आणि हिरवा लिबर्टी ओळीनं दिसतात. १९४४-४५ मध्ये माघार घेताना जर्मन फौजांनी शहरातले सगळे पूल उडवले. चेन ब्रिज १९४९ मध्ये, मूळ उद्घाटनाच्या शंभराव्या वर्षी, पुन्हा उघडला. एलिझाबेथ मात्र जुन्यासारखा न बांधता १९६४ मध्ये नव्या धाटणीचा केला, म्हणून तो वेगळा वाटतो.

रानवाट : भर : नदीला पूर आला की २ नंबर बंद पडते किंवा अर्धीच धावते, कारण रूळ पाण्यालगत आहेत. निघण्यापूर्वी शहर वाहतुकीचं ॲप बघा. दिवे लागल्यावरचं पार्लमेंट समोरून, बुडाच्या काठावरून बघायचं. एम२ मेट्रोनं बाच्यानी चौकात उतरलं की नदी समोरच. चढ अजिबात नाही.

प्रश्नकर्ती : आभार! लिबर्टी पुलाजवळचा मोठा बाजार रविवारी चालेल ना?

चहाबाज : रविवारी बंद असतो. शनिवारीही लवकर आवरतात, तेव्हा दुपारच्या आत उरका. उतरायचं फोवाम चौकात.